उचल अंगावर घेऊन गेलेला कामगार आणि 'आमची ऋणे आम्हांस सोड'

लेथवाला_उद्यमनगर (रविवार रात्री)

सलाम मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, मी आणि धाकटा भाऊ पार्टनर. दोन जुने लेथ, एक सीएनसी, एक ड्रिलिंग, बास. फौंड्रीतनं कास्टिंग (ओतीव भाग) आणायचं, टर्निंग-बोअरिंग करून पार्टीला (गिऱ्हाइकाला) द्यायचं आणि मग पेमेंटची वाट बघत बसायचं. आमच्याकडं एक पोरगा होता, चार वर्षं लेथवर, हात एकदम साफ, त्याच्या जॉबला रिजेक्शन कधी आलं नाही. नाव नको, पोरगाच म्हणू. बहिणीच्या लग्नाला त्यानं 30,000 उचल घेतली, महिन्याला 2000 कापायचे ठरलं. तीन महिने कापले आणि चौथ्या महिन्यात मधनंच जो गेला तो आलाच नाही. फोन उचलेना. पंधरा दिवसांनी कळलं शिरोली एमआयडीसीत लागलाय, दिवसाला 150 रुपये जास्त मिळतात म्हणून. म्हणजे 24,000 अंगावर घेऊन गेला. ह्याला सहा महिने झाले.

आता मूळ मुद्दा. आज देवळात (आमच्या घरात चर्चला अजून देऊळच म्हणतात, आजीची सवय) बायबलातल्या मत्तय 18 वर (मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय) संदेश, म्हणजे प्रवचन होतं. राजाच्या चाकराचं प्रचंड कर्ज राजानं सोडलं आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबतच्या चाकराची मानगूट धरतो, माझे दे म्हणून. लहानपणापासून शब्बाथ शाळेत ऐकलेली गोष्ट, तोंडपाठ. पण आज ऐकताना घाम फुटला.

कारण असं की 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी कास्टिंगवाल्या शेठचे 2,80,000 देणं होतो. काम बंद, पार्टीकडनं पैसे नाहीत, हप्ते चालू. त्या माणसानं अकरा महिन्यात एकदाबी फोन केला नाही. रस्त्यात भेटले तर 'पोरं बरी हायत न्हवं' एवढंच. मी नंतर सगळे फेडले ती गोष्ट वेगळी, पण त्यांनी गळा धरला असता तर आज मशीनवर दुसऱ्याचं नाव असतं. बरं ते काही ख्रिस्ती नाहीत, दर रविवारी जोतिबाला जाणारा माणूस.

तर उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथं माझा आवाज बारीक झाला. मंडळीतल्या कुणी नाही बघितलं, बायकोनं बघितलं.

आता मला सांगा, ऋण सोडायचं म्हणजे प्रॅक्टिकली काय करायचं? मनातनं राग काढला की झालं का वहीतला आकडा पण खोडायचा? भाऊ म्हणतोय, खोडलास तर उरलेले चौघं पण उचल घेऊन शिरोलीला जातील. त्याचं पण चुकीचं वाटत नाही.

पन्हाळ्याचा_वारा

सोडून द्या दादा. देव बघतोय.

लेथवाला_उद्यमनगर

देव बघतोय हीच तर अडचण हाय भावा.

शिरोळचा_ट्रॅक्टर

24 हजाराला धागा काढलाय राव तुम्ही? आमच्या घरी या. ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला 4 लाख उचल दिली, स्टँपवर लिहून घेतली, हंगामाला टोळी नाही मुकादम नाही फोन बंद. त्याच्या गावाला गेलो तर बायको म्हणते ते दोन महिने घरी नाहीत. ट्रॅक्टरचा हप्ता कुणी भरायचा, ऊस फडात वाळायला लागल्यावर शेतकरी शिव्या कुणाला देतो? मी ख्रिस्ती नाही पण तुमचा येशू मला सांगा ह्याला माफ कर म्हणेल का? म्हणत असेल तर तो कधी कारखान्याला ऊस घालायला आलेला नाही एवढं नक्की.

निवृत्त_बाई

लेथवाले, बरा धागा काढलात. मी शाळेत गणित शिकवलं आणि रविवारी शब्बाथ शाळा, त्यामुळे ह्या दाखल्याचा (येशूने सांगितलेल्या ह्या गोष्टीचा) हिशोब मी पोरांना फळ्यावर मांडायला लावायचे. मांडूनच बघू.

दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार. पहिला चाकर 10,000 तालांत देणं लागतो, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. दुसरा लागतो 100 दीनार, म्हणजे 100 दिवस. आता दिवसाला 600 रुपये धरा. पहिल्याचं कर्ज झालं 3,600 कोटी. दुसऱ्याचं 60,000 रुपये.

आता गंमत बघा. संदेश देताना नेहमी म्हणतात की दुसऱ्याचं कर्ज 'क्षुल्लक' होतं. मला हे कधी पटलं नाही. 60,000 क्षुल्लक ज्याला वाटतात त्याने महिना काढून दाखवावा! येशूने शंभर दिवसांची मजुरी म्हटलं, दोन पैसे म्हटलं नाही. ऐकायला बसलेली माणसं मजूर होती, त्यांना ती रक्कम टोचणारच होती. म्हणजे सोडायला सांगितलंय ते लागणारं आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक होतं. तुमचे 24,000 लागतायत त्यात तुमची श्रद्धा कमी आहे असं काही नाही.

आणि अजून एक. दोघेही चाकर एकच वाक्य बोलतात, मला वागवून घ्या, मी फेडीन. पहिल्याने हे म्हणणं म्हणजे थाप आहे, 3,600 कोटी मजुरीतून कुठून फेडणार. दुसरा म्हणतो ते मात्र खरंच शक्य होतं. तरी आधी तुरुंगात टाकला गेला तो दुसरा.

शिरोळचे दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. लूक 17 मध्ये भावाने अपराध केला तर आधी त्याला दटाव असं आहे, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दटावायला बंदी नाही. मुकादमाने ठरवून फसवलं असेल तर तक्रार द्या, त्यात मला तरी पाप दिसत नाही. फक्त त्याच्या बायकोला शिव्या घालून आला असाल तर तेवढं जरा बघा.

शिरोळचा_ट्रॅक्टर

बाई तुम्ही कुठनं बघत होता?

वसईचा_सायमन

आम्ही कॅथलिक लोक प्रार्थनेत 'अपराध' म्हणतो, त्यामुळे आमचं आपलं बरं असतं, पैशाचा विषयच निघत नाही. तुमच्या मराठीत थेट 'ऋण' आहे हे आत्ता कळलं. मूळ ग्रीक मत्तयात ऋणच आहे असं आमच्या फादरनी एकदा सांगितलेलं, लूकमध्ये मात्र 'पापं' आहे. म्हणजे लेथवाले दादा, तुम्ही लूकवालं म्हणत जा, स्वस्तात सुटाल.

निवृत्त_बाई

सायमन, लूकची ओळ अर्धीच वाचलीत. 'आमच्या पापांची क्षमा कर' च्या पुढेच 'आम्हीही आमच्या प्रत्येक ऋण्याला' असं आहे. देवाकडे आपलं पाप, आपल्याकडे दुसऱ्याचं ऋण. सुटका नाही.

तटस्थ_कोल्हापूरकर

सगळं वाचलं. मी कुठल्याच देवळात जात नाही. पण एक सांगतो, उचल दिली म्हणून माणूस बांधला जात नसतो. उचल फिटेपर्यंत दुसरीकडं काम करायचं नाही अशी अट घालणं म्हणजे वेठबिगारी, 1976 चा कायदा आहे त्यावर. दिवसाला 150 जास्त मिळत असतील तर पोरगं जाणारच. तुम्ही का नाही वाढवले 150? चार वर्षं हात साफ म्हणताय, रिजेक्शन शून्य म्हणताय, मग पगार किती वाढवला चार वर्षांत? ते लिहा की धाग्यात.

लेथवाला_उद्यमनगर

वाढवला 80 रुपये. एकदाच.

तटस्थ_कोल्हापूरकर

हां.

वारी_एकदा

रामकृष्ण हरी. मधे बोलतो, राग मानू नका. आमच्या तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळ पडला, घरची माणसं गेली, आणि मग त्यांनी लोकांनी लिहून दिलेली सगळी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचं बरेच जण विसरतात, की सगळी नाही बुडवली. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही व्हाल साधू, आमच्या पोराबाळांनी काय करायचं? मग निम्मी खतं कान्होबाच्या हातात दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाटणीची. माझ्या मते ह्या गोष्टीतली सगळ्यात शहाणपणाची जागा हीच. स्वतःचं सोडताना भावाचं परस्पर सोडायचं नसतं. तुमचा पण धाकटा भाऊ पार्टनर आहे म्हणून लिहिलं.

निवृत्त_बाई

वा! आमचे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आज तुम्ही आम्हाला उलट दिशेने फिरवून आणलंत.

लेथवाला_उद्यमनगर (सोमवार दुपार)

वारीवाले माऊली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 24,000 मधले 12,000 माझे, ते खोडायचा मला अधिकार, 12,000 भावाचे. सकाळी बोललो भावाशी. म्हणाला तुझे तू गंगेत सोड नायतर रंकाळ्यात सोड, माझे मला पाहिजेत.

हिशेबनीस

गणित थोडं तपासतो, सवयीचा भाग आहे, आयुष्य कारखान्याच्या हिशोब खात्यात गेलं. तो मधनंच गेला म्हणालात. म्हणजे किती तारखेला? आणि त्या महिन्याचे झालेले दिवस त्याला दिलेत का? सहा महिन्यांपूर्वीचा पगार दिला नसेल तर उचल 24,000 कुठं राहिली?

लेथवाला_उद्यमनगर

11 दिवस भरलेत त्याचे. दिले नाहीत.

हिशेबनीस

बाईंनी धरलेल्या 600 रोजानं 6,600 झाले. ते वजा केले तर 17,400. तुमच्या वाटणीचे 8,700. सहा महिने तुम्ही लोकांना 24,000 सांगताय.

निवृत्त_बाई

लेथवाले, अजून काही राहिलंय का सांगायचं? पोरं वही लपवताना जशी बोलतात तसं वाटतंय मला मघापासून.

लेथवाला_उद्यमनगर (सोमवार रात्री)

बाई तुम्हाला नमस्कार. राहिलंय.

दोन गोष्टी. पहिली, तो गेला तेव्हा भावानं त्याचा फोटो वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'ह्याला कामावर घेऊ नये, उचल बुडव्या' असं लिहून. मी अंगठा दिला त्याला. दोनशेच्या वर लोक आहेत ग्रुपवर.

दुसरी, त्याची पेटी आमच्याकडंच आहे. निळी पत्र्याची, झाकणाला आतनं त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका चिकटवलेली. त्यात त्याचा स्वतःच्या पैशानं घेतलेला वर्नियर, 0-25 मिमीचा मायक्रोमीटर (दोन्ही मापाची हत्यारं), टूल बिट (लेथवर कापायची पाती) ग्राइंड करून ठेवलेले, दोन तर असे जमवलेत की तसा कोन आमच्यात कुणाला येत नाही. गेल्यावर आठवड्यानं त्यानं दुसऱ्या पोराकरवी निरोप धाडला होता पेटी द्या म्हणून. मी म्हणालो पैसे आण आणि पेटी ने. ह्यात चुकीचं काही वाटलंच नाही, हातात काहीतरी पाहिजे की नको? आता इथं लिहिताना कसंतरी वाटायलंय. आणि खरं सांगायचं तर मायक्रोमीटर आम्ही वापरतोय. आमचा खराब झालेला.

तटस्थ_कोल्हापूरकर

अरे देवा. (मी मानत नाही तरी.)

शिरोळचा_ट्रॅक्टर

मर्दा मी मुकादमाची मोटरसायकल पण उचलून आणली नाही आणि तुम्ही गरिबाचा मायक्रोमीटर वापरताय. मला वाटलं ह्या धाग्यावर मीच वाईट.

निवृत्त_बाई

रागावत नाही, बसा.

बायबलच्या जुन्या करारात 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात एक नियम आहे, कुणाचं जातं किंवा जात्याची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते त्या माणसाचं जीवनच गहाण घेणं आहे. तळी नेली तर दळण बंद. तुमच्या निळ्या पेटीचं आणि जात्याचं काय वेगळं आहे? त्याच अध्यायात पुढे मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या असं आहे. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही, येशूचे ऐकणारे हे नियम पाठ असलेले लोक होते, म्हणून दाखल्यातली मानगूट धरल्याची गोष्ट त्यांना लगेच कळली असणार. आपल्याला ती भक्तीपर वाटते कारण आपण चाकर म्हणून ऐकतच नाही, आपण नेहमी राजाच्या शेजारी उभे राहून ऐकतो.

आणि ग्रुपचं. मत्तय 18 तुम्ही मधूनच उचललात, त्याच अध्यायात ह्या दाखल्याच्या आधी काय आहे वाचा. भावाने अपराध केला तर जा, तो आणि तू दोघेच असताना बोल. नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा. मग मंडळीला सांग. तुमच्या भावाने थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली, ती पण दोनशे लोकांत, आणि तुम्ही अंगठा दिलात.

वसईचा_सायमन

आणि बायबलातला जक्कय विसरू नका. उंबराच्या झाडावर चढलेला तो वसुलीवाला. खाली उतरून त्यानं काय कबूल केलं, ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. मायक्रोमीटर चार घ्यावे लागणार.

वारी_एकदा

उंबराचं झाड? आमच्या नृसिंहवाडीच्या दत्ताचं ते झाड. बरं आहे, तिथंपण उंबरच.

पन्हाळ्याचा_वारा

दादा पेटी देऊन या आधी. बाकी नंतर लिहा.

लेथवाला_उद्यमनगर (गुरुवार रात्री)

देऊन आलो. जसं झालं तसं लिहितो, साक्ष वगैरे समजू नका.

मंगळवारी भावाला म्हणालो फोटो काढ ग्रुपवरनं. म्हणतोय सहा महिन्यापूर्वीचा मेसेज आता डिलीट होत नाही सगळ्यांचा. मग मीच लिहिलं ग्रुपवर, की अमुक पोराबद्दल आम्ही जे टाकलं होतं ते अर्धवट होतं, त्याचा पगार आमच्याकडं बाकी होता आणि त्याची हत्यारं पण, काम त्याचं एक नंबर आहे. तीन तास कुणी काही बोललं नाही. मग एकानं गुड मॉर्निंगचं फूल टाकलं, संध्याकाळी सात वाजता. दोघांनी पर्सनलवर विचारलं, तब्येत बरी आहे का.

बुधवारी भावाला त्याच्या वाटणीचे 8,700 मी माझ्या खिशातनं दिले. मला वाटलं होतं तो राहू दे म्हणेल. घेतले की त्यानं. मोजून घेतले, परत मोजले. म्हणाला आता तुझं आणि येशूचं काय ते तुम्ही बघा. कान्होबा शोभतोय अगदी. वहीत त्या पोराच्या पानावर मी तिरकी रेघ मारली, खाली तारीख टाकली, आणि भावानं पण सही केली, न सांगता.

आज काम सुटल्यावर पेटी स्कूटीवर पायात ठेवून उचगावला त्याच्या घरी गेलो. तो सेकंड शिफ्टला होता, घरात आई. मला बघून ती उभीच राहिली, बसा पण म्हणाली नाही, तिला वाटलं वसुलीला आलोय. पेटी दारात ठेवली तसं तिनं आधी कडी उघडून आत बघितलं, पत्रिकेवर हात फिरवला आणि मग आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी म्हणालो मावशी, पैशाचं काही राहिलेलं नाही, त्याला सांगा. तिनं विचारलं, कागद देताय काय तसा? मला जरा लागलं ते, पण बरोबर होतं तिचं. वहीतलं पान फोटो काढून त्याला पाठवलं तिथंच बसून. ब्लू टिक आली, उत्तर नाही. अजून नाही.

आणि एक घोटाळा झाला. निघताना ती म्हणाली हे एवढं बघा, आणि मायक्रोमीटर काढून दिला. मागची रॅचेट फिरेना. आमच्या नवीन पोरानं कधीतरी पाडला असणार, आम्हाला कुणी बोललंच नाही. तिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, रोज रात्री पुसून ठेवायचा तो, एक दिवस माझ्या हातानं पडला होता तेव्हा मला शिकवलंय त्यानं काय काय बघायचं.

तर आता 0-25 चा मायक्रोमीटर घ्यायचाय, चांगल्यातला, मित्सुतोयो कंपनीचाच. उद्यमनगरात डुप्लिकेट फार झालेत. ओरिजिनल कुठं मिळेल कुणाला माहीत आहे का?

हिशेबनीस

पक्कं बिल मागा. आणि बिल त्याच्या नावानं करा, वर्कशॉपच्या नको.

तटस्थ_कोल्हापूरकर

दाभोळकर कॉर्नरच्या बाजूला टूल्सची दुकानं आहेत, तिथं सिरीयल नंबर तपासून घ्या. शनिवारी मी त्या बाजूला आहे, हवं तर येतो बरोबर.

शिरोळचा_ट्रॅक्टर

मुकादमाची बायको परवा फोनवर आली होती. काय बोलणं झालं ते नंतर लिहितो, आत्ता ट्रॉली भरायलीय.